सांजच्या एसटीने घरी येणारा माणूस

आमच्या कोंडात, म्हणजे वाडीत, पुरुषमाणूस वर्षातून दोनदा दिसतो, शिमग्याला आणि गणपतीला. एरवी कोंडात बाया, म्हातारे, पोरं आणि आमचे गुरुजी. गुरुजी म्हणजे माझे यजमान. शाळा काही मुंबईला नेता येत नाही म्हणून मी इथे राहिलो, असं ते स्वतःच म्हणतात.

म्हणून चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी माझा चुलत दीर भिकाजी रेवाळे हातात कापडी पिशवी घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरताना दिसला, तेव्हा माझ्या मनात आधी वाईटच आलं. अवेळी आलेला चाकरमानी म्हणजे आजारपण, नाहीतर नोकरी गेली. गिरण्यांच्या संपात तसे कितीतरी जण उतरले होते त्या पाखाडीवरून, मान खाली घालून. त्याची बायको गोदा अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होती. ती सूप हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालां?"

"काय नाय. हापिस रत्नागिरीला आलां."

"तुमच्या संगती?"

"मी त्याच्या संगती."

गोदाला ते खरं वाटायला रात्र जावी लागली. सकाळी ती माझ्याकडे आली, म्हणाली, "वैनी, गुरुजींना विचारा हो, असां हापिस उठून येतां काय कुठं? का हे माज्यापासून काय लपवतायत?"

गुरुजींनी चौकशी केली. खोटं नव्हतं. भिकाजी एका सरकारी महामंडळात शिपाई. सगळी कचेऱ्या-कारखान्यांची गर्दी मुंबईतच नको, जिल्ह्याच्या ठिकाणीही चार नोकऱ्या जाव्यात, असं सरकारने ठरवलं आणि भिकाजीचा विभाग रत्नागिरीला हलवला. मांडवीच्या वाटेवर एक दुमजली इमारत भाड्याने घेतली. मात्र हे सगळं तूर्त. पुढे फेरविचार व्हायचा होता. मुंबईच्या कचेरीत बदलीची बातमी आली तेव्हा साहेबापासून कारकुनांपर्यंत सगळ्यांची तोंडं उतरली. हसला तो एकटा भिकाजी, आणि लोक काय म्हणतील म्हणून तेही खिडकीकडे तोंड करून.

रोज सकाळी सातची एसटी आणि सांजवेळी परत, असं सुरू झालं. गावदेवी नवलाईची कृपा, असं म्हणून मी तिच्यापुढे नारळ ठेवून आले. गोदाच्या घरात आता सुखच सुख, असं मला वाटलं होतं.

सुख होतं, पण अवघडलेलं. भिकाजी सोळाव्या वर्षी मुंबईला गेला तो आता चाळिशीत आलेला. त्याला वर्षातले दोनच महिने ठाऊक, फाल्गुन आणि भाद्रपद. त्या दोन महिन्यांत घर सारवलेलं, माणसं नटलेली, चुलीवर वडे. बाकीच्या दहा महिन्यांत हे घर कसं दिसतं, काय खातं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आषाढात गोदाने कुळथाचं पिठलं वाढलं तर तो विचारतो, "आज काय झालां?" त्याला वाटलं, घरात कुणाचं काही बिनसलंय.

आणि गोदाला त्याच्यासमोर साधं वागता येईना. पहिला महिना तिने रोज तांदळाची पांढरी भाकरी केली, दर रविवारी कोंबडीवडे. तोही पाहुण्यासारखाच बसायचा ओटीवर. माजघराचा उंबरा ओलांडायचा नाही. तहान लागली की तांब्या वाजवायचा. जेवायला बसला की भराभरा चार घास गिळून ताट मोकळं करायचा. गोदा म्हणायची, "सावकाश ज्येवा, कोन मागं लागलांय?" तर तो चपापून मागे बघायचा. मुंबईत त्याच्यामागे खरंच कुणीतरी ताटासाठी उभा असायचा. झोपायचाही एका कुशीवर, भिंतीला चिकटून. एवढी लांबरुंद ओटी, पण हा चटईच्या बाहेर हात टाकायचा नाही.

विहिरीवर बायांना विषयच मिळाला.

"गोदे, तुजा शिमगा संपना काय गो अजून?"

"पावण्याला काय रांधलास आज?"

सोनूबाई तर म्हणाली, "बाय माजे, माजा घोव दोन दिस आला तरी मला दम लागतो. तू रोजचा कसा सोसतंस गो?"

सगळ्या हसल्या, गोदाही हसली. पण रोज संध्याकाळी एसटीचा हॉर्न वळणावर वाजला की ती हातातलं टाकून अंगणात यायची आणि पाखाडीवर माणूस दिसेपर्यंत उभी राहायची. मी एकदा म्हटलं, "अगो, येतोच आहे रोज. बघतेस काय?"

"सवय नाय वैनी," ती म्हणाली. "गेलेला मानूस त्याच दिवशी परत येतो याची सवय नाय."

त्या वर्षी भिकाजीने आपल्या शेतात लावणी होताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितली. पोरगा होता तेव्हा रोपांचे आवे उचलून दिले असतील, पण कर्ता झाल्यावर कधी नाही. भाद्रपदात यायचा तेव्हा भात कमरेएवढं झालेलं, फाल्गुनात यायचा तेव्हा नुसती कोरडी खाचरं. रविवारी तो अर्धी विजार दुमडून चिखलात उतरला. रोप बोटाने दाबायचं असतं, तर हा पाच बोटांनी खोवतोय. बायांनी गाणं सोडून हसायला घेतलं. तो रागावला नाही. बांधावर बसून मला म्हणाला, "वैनी, इतकी वर्सं भात खाल्लां, पन हितं कसां लावतात तां मला ठावकच नव्हतां बगा."

मला वाटलं, आता हा घरात रुजतोय.

पण गोदाचं मन वेगळ्या जागी अडकलं होतं. आमसुलं गोळा करता करता तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं की नवरा कापडी पिशवी घेऊन आलाय. आठ दिवसांनी तिने विचारलं, "पेटी कुठाय?"

"खोलीवर."

"कधी आनायची?"

"आनू."

ही खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. मुंबईत लालबागच्या बाजूला एका चाळीत आमच्या गावकीने फार वर्षांपूर्वी एक खोली घेतलेली आहे. गावातून जो कोणी नोकरीला जाईल तो तिथेच उतरतो. भिंतीच्या कडेने प्रत्येकाची पत्र्याची पेटी. दिवसा ती पेटी म्हणजे त्याचं कपाट, रात्री पेटीसमोरची चटईएवढी जमीन त्याची. ज्याची पेटी तिथे, त्याला मुंबईत ठिकाण आहे. पेटी उचलली की ती जागा नंबर लागलेल्या दुसऱ्याला मिळते, आणि मग परत मिळेल याचा भरवसा नाही. भिकाजीची जागा त्याच्या बापापासूनची. बापाने शेवटच्या खेपेला गावी येताना पेटी तशीच ठेवून पोराला तिथे बसवलं होतं.

आनू, आनू करता दोन गणपती गेले, एक शिमगा गेला. पेटी मुंबईतच. गोदा मला म्हणायची, "वैनी, मानूस हितं झोपतो, पेटी तिथं. अर्धा आलाय नवरा माजा."

भिकाजीचंही चुकत नव्हतं. रत्नागिरीच्या कचेरीत रोज एकच बोलणं, परत कधी जायचं. साहेब सोमवारी उगवायचे आणि शुक्रवारी मावळायचे. हेडक्लार्क म्हणायचे, "भिकाजी, तुझं बरं आहे रे, तू इथला. आम्हाला हे काळं पाणी." त्यांची बॅग लॉजवरच्या खाटेखाली भरलेलीच असायची. भिकाजी ती बॅग बघायचा आणि त्याला आपली पेटी आठवायची.

मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. त्यांनाही घरदार होतं, ते सोडूनच आले होते बिचारे. कचेरीत विमला म्हणून कारकून होती, गिरगावात वाढलेली. मांडवीला एका खोलीत एकटी राहायची. गौरीच्या जेवणाला भिकाजी तिला आमच्याकडे घेऊन आला. माझ्या ओटीवर बसून ती घावणे खात होती. खाता खाता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "वहिनी, सगळे किती प्रेमाने वागतात. तरी मला सारखं वाटतं, मी इथे पाहुणीच आहे."

गोदा पटकन म्हणाली, "मंग ह्यांच्या बाजूला सरकून बसा. ते पन पावनेच हायत."

विमला हसली. भिकाजी हसला नाही.

शहाऐंशी सालच्या पौषात कचेरीतल्या लोकांनी वरती अर्ज केला, की विभाग परत मुंबईला न्यावा. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरवायचं काम शिपायाचं. भिकाजीनेच तो सगळ्यांपुढे धरला, आणि भिकाजीच तो पोस्टात टाकून आला. त्याच्यावर शिपायाची सही लागत नव्हती. घरी येऊन त्याने गोदाला काही सांगितलं नाही. आमच्या ओटीवर येऊन गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "अरे, टाकला नसतास तर?"

"असां कसां गुरुजी? चाकरी हाय ती."

मग शिमगा आला. चाकरमानी उतरले, कोंड भरला. देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत लागायच्या दोन दिवस आधी सहाणेवर गावकीची बैठक झाली. सहाण म्हणजे आमच्याकडे पालखी बसते तो चौथरा. मुंबई मंडळाचा सेक्रेटरी राजाराम उभा राहिला. माणूस सरळ, पण बोलणं कोयतीसारखं.

"खोलीत पाय ठेवायला जागा नाय. केरूचा रामा गणपतीपासून जिन्याखाली झोपतो, उंदीर अंगावरनं जातात त्याच्या. आणि हिकडं भिकाजीदादांची पेटी दोन वर्सं नुसती जागा धरून बसलीय. मी वाईट बोलत नाय. पालखी घरं फिरून परत सहाणेवर बसेल, तवर दादांनी सांगायचां. राहनार असाल तर पेटी उचला. परत येनार असाल तर जागा तुमचीच."

रामा समोरच बसला होता, चोवीस-पंचवीस वर्षांचा. तोच खजील होऊन म्हणाला, "काका, माजी घाई नाय."

"तुजी नाय रे, उंदरांची हाय," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

त्या रात्री भिकाजी-गोदाचं काही बोलणं झालं असेल-नसेल. सकाळी तो अंघोळ करून आमच्या दारात. "वैनी, माजां डोकां चालत नाय. पेटी उचलली नि हापिस परत गेलां, तर ह्या वयात मी रस्त्यावर. नाय उचलली, तर त्या रामाचा तळतळाट. मी देवीला कौल लावतो. तुमीबी चला."

मला पटलं. आपल्याला सुचत नाही तेव्हा तिच्या पायाशी जावं, हे मी माझ्या आईपासून शिकले आहे.

देवळात भिकाजी, गुरुजी, राजाराम, रामा, आम्ही दोघी आणि शिवा गुरव. शिवाने नवलाईला स्नान घातलं. तिच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर ओल्या कळ्या लावल्या. इथेच राहू का, असं विचारायचं होतं; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग नारळ हातात धरून, डोळे मिटून त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. शिवाचं गाऱ्हाणं ऐकण्यासारखं असतं. बापाकडून तोंडपाठ झालेलं, नदीसारखं वाहतं. आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे.

"...हे बाय नवलाये, रेवाळ्यांच्या घरचा हा लेकरू पोटासाठी मुंबईच्या वाटेला लागलाय, त्येची चाकरी राख, त्येचा ठाव-ठिकाना राख, त्येला हुकूम दे, उजवा दे..."

माझे डोळे उघडले. गोदाचेही उघडले. पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. आणि आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर उजवी कळी टपकन खाली आली.

शिवाने डोळे उघडले. "झाला! उजवा दिलान!"

राजाराम म्हणाला, "काय मागितलांस शिवा तू?"

शिवाने जीभ चावली. तीस वर्षं त्याने मुंबईला निघालेल्या माणसासाठीच कौल लावला होता. राहायचं का, असं विचारायला आमच्या गावात आजवर कोणी आलंच नव्हतं. सवयीने जीभ वळली ती वळली.

"परत लाव," रामा म्हणाला.

"एका मानसाचा एका सनात एकच," शिवा पुटपुटला. ते खरंच होतं.

राजारामने टोपी सारखी केली. "देवीपुढं मंडळ नाय. मुंबईचा कौल झाला. पेटी राहू दे दादा."

भिकाजीचा चेहरा मी पाहिला. त्याच्यावर सुटका दिसत होती, खोटं कशाला सांगू? ठरवायचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं होतं. गोदा मात्र देवळातून तरातरा पुढे निघाली. घरी आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "देवीनं सांगितलां म्हनता. तुमी काय विचारलात तिला?"

तो म्हणाला, "मी कुठं, शिवानं विचारलां."

"तांच म्हनतंय मी."

मी दोन दिवस अस्वस्थ होते. सांजवात लावली तरी मन लागेना. कौल खोटा म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरा मानायला मन धजत नव्हतं.

पालखी निघाली. ढोल-ताशे, गुलाल, पोरांची आरडाओरड. घराघरातून फिरत ती चौथ्या दिवशी दुपारी गोदाच्या अंगणात आली. गोदाने अंगण सारवून रांगोळी काढली होती, पाट मांडला होता. पालखी पाटावर बसली. गोदाने खणानारळाने देवीची ओटी भरली आणि ती मागे सरून माझ्याशेजारी उभी राहिली. भिकाजी खांद्यावर पंचा टाकून पालखीसमोर. अख्खा कोंड आणि सगळे चाकरमानी अंगणात दाटले होते. ढोल थांबला. शिवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"हे बाय नवलाये, बारा वाड्यांच्या मालकिनी, ह्या घरान तुजी ओटी भरलीन, ती मान्य करून घे..."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या घरच्या गुराढोरांना, पोराबाळांना सुखात ठेव..."

"होय महाराजा!"

"आनि ह्या घरचा लेकरू पोटासाठी मुंबईत..."

"थांब, शिवा."

गोदा माझ्या शेजारून पुढे गेली होती. गाऱ्हाण्यात बाईने बोलायचं? मी गालांवर हात मारून घेतले आणि मनात देवीची क्षमा मागितली.

राजाराम दबक्या आवाजात म्हणाला, "गोदावैनी, गाऱ्हान्यात बोलू नये."

"मी देवीशी नाय बोलत. शिवाशी बोलतंय." गोदा शिवापुढे जाऊन उभी राहिली. "शिवा, डोळे उघड नि बग. माजा मानूस तुज्या म्होरं उभा हाय. दोन वर्सं हितंच हाय. देवीला खोटां नको सांगू. ती त्येला मुंबईत शोधत ऱ्हाईल, नि तो हितं."

म्हातारा केरू तेवढा म्हणाला, "बाई खोटां बोलत नाय."

शिवा रडकुंडीला आला. "मंग काय बोलू? बापानं शिकवलां तां येवढांच हाय. मुंबईत हाय त्येचां हाय, म्हातारा झाला त्येचां हाय. हितं ऱ्हातो नि चाकरी करतो, त्येचां गाऱ्हानांच नाय माज्याकडं."

"जां हाय तां बोल."

शिवाने नारळाकडे पाहिलं, भिकाजीकडे पाहिलं. एरवी वाहणारा माणूस, पण आता एकेक शब्द दगडातून काढल्यासारखा बोलू लागला.

"हे बाय नवलाये... ह्या घरचा लेकरू... रोज सकाळी सातच्या एसटीनं... रत्नागिरीला जातो..."

लोक मग सवयीने म्हणाले, "होय महाराजा."

"दिसभर तिथं हापिसात चाकरी करतो..."

"होय महाराजा!"

मागून सोनूबाई म्हणाली, "गाडी चुकंल म्हनून भाकरी तोंडात धरून धावतो!"

सगळं अंगण हसलं. शिवाही हसला, आणि त्याचा आवाज थोडा मोकळा झाला.

"नि सांजच्या गाडीनं... घरी येतो."

या वेळी "होय महाराजा" लगेच आलं नाही. मी मान वळवून पाहिलं. अंगणात ते सगळे चाकरमानी उभे होते, राजारामसकट. दोन दिवसांनी परत जाणारे. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी गुलालाचं निमित्त करून डोळे पुसत होतं. मग राजारामच आधी म्हणाला, "होय महाराजा." त्याच्या मागोमाग सगळे.

"तसाच त्येला रोज सांजचा घरी आन, बाय."

"होय महाराजा!"

ढोल वाजला. पालखी उठली. भिकाजीने खांदा दिला आणि पालखी नाचवत तो अंगणाबाहेर गेला. त्याने गोदाकडे पाहिलंसुद्धा नाही. गोदा तुळशीजवळ जाऊन बसली. "वैनी, देवी कोपली असंल काय ओ?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "तिला जे विचारलं त्याचं उत्तर तिने दिलं होतं. आज तिला खरं कळलं."

पालखी सहाणेवर बसली त्या संध्याकाळी मी नारळ घेऊन गेले होते. भिकाजी राजारामजवळ गेला.

"जागा रामाला दे."

"आणि कौल?"

"मुंबईला जानाऱ्याला दिलान कौल. मी जात नाय. रामा जातोय. त्येचा असंल तो."

राजाराम म्हणाला, "दादा, नि हापिस परत गेलां तर?"

"गेलां तर मी जिन्याखाली झोपेन. रामा झोपला ना?"

"उंदीर हायत," रामा म्हणाला.

"वळखीचे हायत," भिकाजी म्हणाला.

चैत्रात पेटी आली, मुंबईच्या रातराणी एसटीच्या टपावर बांधून. भिकाजी ती डोक्यावर घेऊन पाखाडी उतरला. गोदा पुढे धावली तर तिला हात लावू देईना. हिरवी, कोपऱ्यांना गंजलेली पत्र्याची पेटी. आत दोन चादरी, एक जर्मनचं ताट, दाढीचं सामान आणि नवलाईचा काचेच्या चौकटीतला फोटो. बावीस-तेवीस वर्षांचं तेवढंच. गोदाने ते ताट उचललं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि पदराने पुसून ठेवलं.

पण पेटी तो ठेवायचा कुठे, तर ओटीवर, उशाशी, भिंतीला लावून. आणि पेटीसमोर चटई. जशी खोलीत असेल तशीच. आठवडा गेला. गोदा एकदाही बोलली नाही. मीच न राहवून म्हटलं, "अगो, आत घ्यायला सांग ना त्याला."

"नको वैनी. तेंचां तेंना समजूद्या."

एका रविवारी मी तिच्याकडे ताक मागायला गेले होते. आम्ही दोघी चुलीपाशी बोलत होतो. माजघराच्या उंबऱ्यात काहीतरी आपटलं. बघतो तर भिकाजी, दोन्ही हातांत पेटी, दारात अडकलेला. एक पाय आत, एक बाहेर.

"गोदे, ही हितं भाताच्या कनगीच्या बाजूला ऱ्हाईल काय?"

"ऱ्हाईल की," गोदा म्हणाली, आणि एकदम पाठ फिरवून चुलीत फुंकर घालायला लागली. चुलीत जाळ चांगला भडकलेला होता.

हे लिहितेय तेव्हा अठ्ठ्याऐंशी साल आहे. त्या अर्जाचं उत्तर वरून अजून आलेलं नाही. साहेब दोनदा बदलले. विमलाची बदली मुंबईला झाली. जाताना ती गोदाकडे येऊन गेली आणि येऊन गेल्यावर गोदा दिवसभर चुकचुकत होती. विमलाच्या जागी चिपळूणची एक मुलगी आली आहे, तिलाही घरी जायची सांजची गाडी नाही, ती शनिवारी जाते. कचेरी राहील का जाईल, नवलाईला ठाऊक. गणपतीत राजाराम सांगत होता, रामा आता खोलीत उशाशी भिकाजीची जुनी खुंटी वापरतो, शर्ट अडकवायला.

भिकाजीच्या त्या पेटीत आता वालाचं बियाणं असतं, राखेत घोळवून ठेवलेलं. भिकाजी पाणी स्वतः ओतून घेतो आणि भांडं भलत्याच ठिकाणी ठेवतो. त्यावरून दोघांची रोज वादावादी होते, आमच्या ओटीपर्यंत ऐकू येते.

आजही मी तुळशीपाशी दिवा लावत होते तेव्हा वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सवयीने मी गोदाच्या अंगणाकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.